पत्रपेटीवर आधी नाव लावा: श्टुटगार्टला नव्याने आलेल्या मराठी माणसासाठी

जर्मनीतल्या श्टुटगार्टला आले तेव्हा पहिले पाच आठवडे मला एकही पत्र आलं नाही. बँकेचं कार्ड नाही, विम्याचं कार्ड नाही, कर-क्रमांक नाही. रोज संध्याकाळी खाली जाऊन पेटी उघडायची, तर आत पिझ्झाच्या जाहिरातीचा कागद. सहाव्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. माझ्या पेटीकडे बोट दाखवून त्यांनी सावकाश, मला कळेल अशा जर्मनमध्ये विचारलं, "इथे तर आधीच्या भाडेकरूचं नाव आहे. तुमचं कुठे आहे?" तेव्हा उलगडा झाला. पोस्टमन रोज येत होता, पेट्यांवरची नावं वाचत होता आणि माझं नाव दिसत नाही म्हणून पत्रं परत नेत होता.

आपल्याकडे पत्त्यात फ्लॅट नंबर, मजला, "मारुती मंदिरामागे" असं सगळं असतं. इथल्या पत्त्यात रस्त्याचं नाव आणि इमारतीचा क्रमांक आला की पत्ता संपतो. फ्लॅटला नंबरच नसतो. त्या दहा बिऱ्हाडांत तुम्ही कोणते, हे फक्त पेटीवरचं आणि बेलवरचं नाव सांगतं.

मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं या शहराच्या पश्चिम भागात राहते आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरं आहेत. महाराष्ट्र आणि इथलं बाडेन-व्युर्टेमबर्ग या दोन राज्यांची भागीदारी 2015 पासूनची. पुण्याहून, मुंबईहून, अलीकडे नाशिक-कोल्हापूरहूनही मुलंमुली गाड्यांच्या कंपन्यांत, दवाखान्यांत, विद्यापीठांत येतात. ऑफिसचं काम ती चटकन शिकतात. अडखळतात ती जिन्यात, कचऱ्याच्या डब्यापाशी आणि रविवारी दुपारी. म्हणून या लेखात मी ऑफिसविषयी फारसं बोलणार नाही. तुम्ही ज्या इमारतीत राहायला आलात ती आधी समजून घ्या. बाकीचं शहर हळूहळू उलगडत जातं.

पहिली पायरी: नाव

किल्ली हातात आली की त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहा आणि चिकटपट्टीने पेटीवर आणि बेलवर लावा. घरमालकाकडून नीट छापलेली पाटी येईल तेव्हा येईल, तोवर कागद चालतो. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. मित्राच्या घरी महिनाभर राहणार असाल तर त्याच्या नावाखाली तुमचंही नाव हवं.

आपल्या मराठी नावांचा एक खास घोटाळा इथेच सांगून टाकते. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. जर्मन अर्जात 'फोरनामे' म्हणजे पहिलं नाव आणि 'नाखनामे' म्हणजे आडनाव, एवढे दोनच रकाने. त्यामुळे वडिलांचं नाव तुमच्याच पहिल्या नावाचा भाग होऊन बसतं. त्याला इलाज नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने सगळीकडे लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव घातलं, दुसऱ्या ठिकाणी गाळलं, असं करू नका. बँकेत एक नाव आणि विम्यात दुसरं झालं की जुळवाजुळव करण्यात महिने जातात.

दुसरी पायरी: नोंदणी

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरिक कार्यालयात होते. पासपोर्ट लागतो, भरलेला अर्ज लागतो आणि घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. त्या दाखल्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तरी चालेल, पण घराची किल्ली घेतानाच तो मागून घ्या. भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि कधीकधी दोन आठवड्यांत मिळतच नाही. अशा वेळी जी पहिली मिळेल ती घ्या आणि ती केव्हा ठरवली याचा पुरावा जपून ठेवा.

या एका नोंदणीतून बाकीची चाकं फिरायला लागतात. काही आठवड्यांत अकरा आकडी कर-क्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला लगेच कळवा. क्रमांक नसेल तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. जास्तीचे पैसे नंतर परत मिळतात, पण नव्या संसाराच्या पहिल्या महिन्यांत ते अडकून पडणं परवडत नाही.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येतं, रुंडफुंकबायट्राग. महिन्याला 18.36 युरो. "आमच्याकडे टीव्हीच नाही" म्हणून अनेक जण ते पत्र बाजूला टाकतात. टाकू नका. ही वर्गणी दर घरामागे आहे, घरात टीव्ही असो वा नसो. मात्र चार मित्र एका फ्लॅटमध्ये राहत असतील तर एकानेच भरायची असते. बाकीच्यांनी त्याचा वर्गणी-क्रमांक कळवला की पुरे.

आरोग्य विमा नोकरीबरोबरच सुरू होतो. सरकारी पद्धतीच्या विम्यात मूळ दर पगाराच्या 14.6 टक्के आहे, त्यावर प्रत्येक विमासंस्थेचा थोडा जास्तीचा दर, आणि निम्मा भार कंपनी उचलते. संस्था निवडताना त्यांच्या फोनवर इंग्रजीत बोलणारं कोणी आहे का तेवढं मात्र बघा.

तिसरी पायरी: फाइल

इथे पहिल्या पगाराआधी एक जाडजूड फाइल घ्यावी. तिला ऑर्डनर म्हणतात. कण्याला बोट घालायला गोल भोक असतं आणि आत लोखंडी खटका असतो. हा खटका लुई लायट्झ यांनी 1896 साली आणला आणि त्यांचा कारखाना याच शहरात, फॉयरबाखमध्ये होता. आजही घराघरांत कपाटभर ऑर्डनर असतात. घर, विमा, कर, नोकरी, व्हिसा असे पाच भाग करा आणि आलेलं पत्र त्याच दिवशी भोकं पाडून लावा.

पत्रांमध्ये एक ओळखायला शिका: पिवळं पाकीट. सरकारी किंवा न्यायालयाचं महत्त्वाचं पत्र या पिवळ्या पाकिटात येतं आणि पोस्टमन त्यावर पेटीत टाकल्याची तारीख हाताने लिहितो. उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उघडलं तेव्हापासून नाही. म्हणून पाकीट फेकू नका, पत्रासोबत टाचून ठेवा. लांब सुट्टीवर भारतात जाणार असाल तर विश्वासाच्या माणसाकडे पेटीची किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा फोटो पाठवायला सांगा.

एखादी सेवा बंद करायची असेल तर तेही लेखी कळवा आणि तारखा पाळा. उदाहरण द्यायचं तर देशभर लोकलगाड्या, ट्राम आणि बसला चालणारं डॉइचलांड-टिकीट. 2023 च्या मे महिन्यात ते 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं, 2026 पासून 63 आहे. ते मासिक वर्गणीवर चालतं. पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. 11 तारखेला आठवण झाली तर आणखी एक महिना भरावा लागतो. आणि तिकीट नसताना सापडलात तर दंड 60 युरो. "मी नवीन आहे" हे तिथे ऐकून घेत नाहीत.

चौथी पायरी: घर

जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, हीटिंग, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहून वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. हा हक्क मागायला संकोचू नका.

रिकामं घर म्हणजे खरोखरच रिकामं. स्वयंपाकघरात ओटा नसतो, सिंक नसतं, छतातून दिव्याच्या नुसत्या तारा लोंबत असतात. आइनबाउक्युखे असा शब्द जाहिरातीत असेल तरच स्वयंपाकघर बसवलेलं आहे असं समजा. ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याची नोंद करून घ्या, फोटो काढा, मीटरचे आकडे लिहून घ्या. घर सोडताना अनामत परत मिळणं याच कागदावर ठरतं.

आता हवा. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या स्वयंपाकाशी याचा थेट संबंध आहे. इथली घरं घट्ट बंद असतात. कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे, हे सगळं पाणी भिंतीत जाऊन बसतं आणि थंडीत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग घरमालक म्हणतो, तुम्ही हवा खेळवली नाही. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि मग बंद करायच्या. बाहेर उणे पाच असलं तरी. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर तशीच ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशी जास्तच येते. स्वयंपाक झाल्यावर उघडणं तर अगदी सक्तीचं समजा.

आणि फोडणी. या राज्यात झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या मार्गात धुराचा अलार्म लावणं बंधनकारक आहे. स्वयंपाकघरात तो सहसा नसतो, पण दाराबाहेरच्या बोळात असतो. मिरची करपली की तो ठणाणा करतो. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, खिडकी उघडी ठेवा. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा त्याची बॅटरी काढणं कधीही करू नका, मी असं करणारी सुशिक्षित घरं पाहिली आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

दार ओढलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडू द्या. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. रविवारी कुलूपवाला बोलवायचा म्हणजे शेकड्यात युरो जातात. जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. इमारतीच्या मुख्य दाराला चालणारी किल्ली हरवली तर काही वेळा पूर्ण इमारतीची कुलुपं बदलण्याचा खर्च अंगावर येतो. यासाठी आणि इतरांचं नकळत केलेलं नुकसान भरून देण्यासाठी हाफ्टफ्लिष्ट नावाचा विमा असतो. वर्षाला तो स्वस्तात मिळतो. घ्याच, आणि त्यात किल्ली हरवणं धरलंय का ते वाचून घ्या.

पाचवी पायरी: कचरा

कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, प्लास्टिक-टिनची वेष्टणं पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या डब्यात, उरलेलं सगळं रेस्टम्युलच्या डब्यात. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. लोणच्याच्या, जॅमच्या काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या पिंपांत टाकायच्या: पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळी. निळी काच हिरव्यात. रविवारी आणि रात्री तिथे जायचं नाही, काच फुटल्याचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जातो.

पेयांच्या बाटल्यांवर ठेव असते, तिला फांट म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट, बिअरच्या नेहमीच्या काचेच्या बाटलीवर 8 सेंट. सुपरमार्केटच्या यंत्रात बाटल्या घातल्या की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर द्या. बाटली चेपू नका, यंत्राला तिचा शिक्का वाचता आला पाहिजे.

सहावी पायरी: रविवार

शनिवारी संध्याकाळीच दूध, भाजी, ब्रेड भरून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात. बेकऱ्या काही तास उघडतात. मोठी स्टेशनं, विमानतळ आणि पेट्रोल पंप इथे गरजेचं मिळतं, तेही महाग. ईस्टरला तर शुक्रवार, रविवार आणि सोमवार बंद असतो. 6 जानेवारीलाही या राज्यात सुट्टी असते, ती नवीन माणसाच्या हमखास लक्षात राहत नाही.

रविवार हा शांततेचा दिवस आहे. ड्रिल, हातोडा, व्हॅक्यूम नको. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता असते, अनेक इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनही लिहिलेलं असतं. आपल्या घरात या दिवसाला मुख्य अडचण मिक्सरची होते. इडलीचं पीठ, वाटण, चटणी शनिवारी दुपारी करून ठेवायची सवय लावून घ्या. पहिलं वर्ष मला या शांततेत करमायचं नाही. सांगलीत रविवार म्हणजे मटणाचा वास, गल्लीत क्रिकेट आणि पाहुणे. आता मी या दिवसाची वाट बघते. घराला लागूनच जंगल सुरू होतं आणि या टेकड्यांच्या शहरात 400 हून जास्त पायऱ्यांच्या वाटा आहेत, त्यांना इथे श्टेफेले म्हणतात. चढून वर गेलं की द्राक्षांचे मळे लागतात आणि खाली वाटीसारखं पसरलेलं शहर दिसतं. करमत नसेल त्या रविवारी बूट घाला आणि चढायला लागा.

सातवी पायरी: बोलणं

जिन्यात कोणी दिसलं की "ग्र्युस गॉट" म्हणा. दक्षिण जर्मनीत हाच नमस्कार आहे, निरोप घेताना "आडे". डॉक्टरकडे प्रतीक्षेच्या खोलीत शिरताना तिथे बसलेल्या सगळ्यांना मिळून नमस्कार करायचा असतो. न बोलता बसलात तर कोणी काही म्हणणार नाही, पण उद्धट वाटतं.

'झी' आणि 'डू' यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. झी म्हणजे तुम्ही, डू म्हणजे तू. आपल्याकडे जसं मोठ्यांनी "अगं, अहो-जाहो काय करतेस" म्हटल्याशिवाय आपण एकेरीवर येत नाही, तसंच इथे वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस आधी डू देऊ करतो. त्याआधी फ्राऊ (श्रीमती) किंवा हेर (श्रीयुत) लावून आडनावानेच हाक मारा. इंग्रजीतून जर्मन शिकलेली मुलं इथे चुकतात आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात शिकलेल्यांनाही श्वाबेनची, म्हणजे या भागाची, बोली आली की गोंधळायला होतं. इथली आजी 'टेपिष' म्हणाली तर गालिचा नाही, अंगावर घ्यायचं पांघरूण. 'हेबन' म्हणाली तर उचल नव्हे, धर. शब्दाच्या शेवटी '-ले' लावून सगळं छोटं आणि लाडकं करतात, आपलं 'बाळ्या, छोटुकलं' असतं तसं.

इथे तोंडावर कौतुक कमी होतं. श्वाबी लोकांची म्हण आहे: रागावले नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. तुमच्या वरिष्ठांनी सहा महिने "छान" म्हटलं नाही म्हणून खचून जाऊ नका.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देऊ नका, अपशकुन मानतात. आणि वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्ही न्यायचा, ऑफिसने नाही. मी दुसऱ्या वर्षी केकऐवजी नारळाच्या वड्या नेल्या. दर वर्षी आता त्यांचीच विचारणा होते.

दुपारी तीन-चारला "कॉफी आणि केक" साठी बोलावलं तर वेळेवर जा, पाच मिनिटंही उशीर नको, आणि जेवणाची अपेक्षा नको. फुलं किंवा घरचा काही गोड पदार्थ न्या.

शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग पार्सलचा आहे. तुम्ही घरी नसाल तर कुरियरवाला शेजारी पार्सल देतो आणि तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकतो. संध्याकाळी ते आणायला जाताना चार लाडू घेऊन जा. आणि शेजाऱ्यांचं पार्सल तुम्ही घरी असताना आनंदाने घ्या. माझी इमारतीतली निम्मी मैत्री या खोक्यांमुळे झाली.

आठवी पायरी: आजारपण

आल्याआल्या घराजवळचा एक हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर शोधून ठेवा. आजारी पडल्यावर शोधायला गेलं की "नवीन रुग्ण घेत नाही" ऐकावं लागतं. कामावर जाता येत नसेल तर सकाळीच कळवा. साधारणपणे चौथ्या दिवसापासून डॉक्टरचा दाखला लागतो, काही कंपन्या पहिल्या दिवसापासूनही मागतात, करारात बघा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तातडीचं पण जिवावरचं नसेल तर 116117. जिवावरचं असेल किंवा आग लागली तर 112. पोलीस 110. हे तीन आकडे फ्रिजवर लिहून ठेवा, घरी आईवडील आले असतील तर मोठ्या अक्षरांत आणि सोबत तुमचा पूर्ण पत्ता जर्मनमध्ये.

नववी पायरी: ताट

पहिल्या महिन्यात भारतीय दुकान शोधण्यात शनिवार घालवण्यापेक्षा साध्या सुपरमार्केटमध्ये काय काय आहे ते बघा. ग्रीस म्हणजे रवा. रोटे लिन्झन म्हणजे मसूर डाळ. बेसन भारतीय दुकानात मिळतंच, पण हरभऱ्याचं पीठ म्हणून इथेही मिळतं. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल, आणि इतका कोवळा की पीठ पेरून भाजी करावी. बुटरमिल्श म्हणजे ताक, कढीला उत्तम. लोणी बहुतेक बिनमिठाचं असतं, त्याचं तूप छान रवाळ होतं. कोथिंबीर, भेंडी, डाळिंब तुर्की दुकानात स्वस्त आणि जुड्याही मोठ्या मिळतात.

आणि क्वार्क. चक्क्याची बहीण म्हणा. डब्यावर 40 टक्के लिहिलेलं क्वार्क सुती फडक्यात तीन-चार तास टांगा, साखर, वेलची आणि दुधात खललेलं केशर घाला. पाडव्याला श्रीखंड तयार. त्याचं आंबट पाणी कणीक भिजवायला वापरा.

इथल्या माणसांचा साधा जेवणाचा पदार्थ म्हणजे लिन्झन मिट श्पेट्सले, अख्ख्या मसुराची थोडी आंबट उसळ आणि अंड्याच्या शेवया. त्यावर सॉसेज असतं आणि उसळीत बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे. शाकाहारी असाल तर दोन्ही वेगवेगळं विचारा. माउलताशन नावाच्या मोठ्या करंज्यांतही सहसा मांस असतं.

दहावी पायरी: जिना

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यामुळे या भागातले नवीन लोक सगळ्यात जास्त दुखावतात.

एक दिवस तुमच्या दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक पाटी दिसेल. केअरवोखे, झाडण्याचा आठवडा. म्हणजे या आठवड्यात इमारत झाडायची पाळी तुमची. लहान केअरवोखेत तुमच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा आणि जिन्यातली खिडकीची फळीही. मोठ्या केअरवोखेत इमारतीसमोरचा पदपथ, तळघराचा जिना, अंगण. हिवाळ्यात बर्फही तुम्हीच काढायचा, आणि तो लोक कामाला निघायच्या आत. श्टुटगार्टच्या 1492 सालच्या शहर-नियमांतही दर आठवड्याला घाण बाहेर नेण्याची आज्ञा होती. केअरवोखेची सक्ती शहराने 1988 मध्ये काढून टाकली, पण भाडेकरारांत ती तशीच राहिली आहे. करार वाचा. त्यात असेल तर ते तुमचं काम आहे.

मला पहिल्यांदा पाटी दिसली तेव्हा आत कुठेतरी टोचलं होतं. इंजिनिअर होऊन इतक्या लांब आले ते जिना पुसायला? हे मी मोकळेपणाने सांगते, कारण तुमच्याही मनात येईल. आपल्याकडे झाडू कोणाच्या हातात असावा याचा शेकडो वर्षांचा हिशोब मनात बसलेला असतो. इथे तोच झाडू वरच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांच्या हातात मी पाहिला, शनिवारी सकाळी, शर्टाच्या बाह्या दुमडून, खाली वाकून ते कोपरा पुसत होते. त्यानंतर माझ्या मनातलं ते टोचणं गेलं.

एका वर्षी आई तीन महिने राहायला आली होती. पाटी आमच्याकडे आली तशी तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि सांगलीच्या वाड्याचं अंगण पुसावं तसा जिना वरून खाली पुसून काढला. पायरीच्या आतल्या कडेला जो कचरा अडकतो तो मी नेहमी सोडत असे. तिने जुन्या दात घासायच्या ब्रशने तो काढला. वरच्या आजी दार किलकिलं करून बघत होत्या. काही वेळाने बाहेर आल्या, ती कड बोटाने तपासली आणि आईला म्हणाल्या, "झाउबर." स्वच्छ. आईला शब्द कळला नाही, सूर कळला. दुसऱ्या दिवशी दारात माउलताशनचा डबा होता, पालकाच्या सारणाचा, वर चिठ्ठी: मांस नाही.

जिन्याच्या आणखी काही गोष्टी. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय इथे घरात आणा. जिना हा आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा रस्ता आहे, तिथे चपलांचं कपाट, सायकल, बाबागाडी ठेवायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. दिवाळीत दारासमोर रांगोळी काढायची असेल तर पाटावर काढून तो पाट आतल्या बाजूला ठेवा, दार उघडलं की पाहुण्याला दिसतो. मेणबत्त्या आणि पणत्या जिन्यात नकोत. गणपती बसवाल तेव्हा चार दिवस आधी मुख्य दारावर एक कागद लावा: अमुक दिवशी संध्याकाळी सात ते आठ आमच्याकडे आरती आहे, झांजांचा आवाज होईल, त्रास झाला तर बेल वाजवा, आणि प्रसादाला या. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोघं आले. आता मोदक मोजून करावे लागतात. मूर्ती शाडूची आणा आणि विसर्जन घरी बादलीतच करा, नदीत काहीही सोडायचं नाही. ती माती मग बाल्कनीतल्या तुळशीला घाला.

आणि शनिवारी संध्याकाळी जिना वाळला की ती पाटी काढून शेजारच्या दाराला अडकवायला विसरू नका. तुमच्या दारावर राहिली तर पुढचा आठवडाही तुमचाच धरतात.